पेजेची लोटी

मिरजेला दवाखान्यांचा तोटा कधीच नव्हता. गाडीतून उतरणाऱ्या माणसाची चाल पाहूनच स्टेशनवरचे टांगेवाले ओळखत, हा पोटाचा, हा डोळ्यांचा, आणि हा धडधाकट दिसतोय म्हणजे तंबोरा घ्यायला आलेला. पण खांबेटे डॉक्टरांच्या दवाखान्याचं नाव कुणी काढलं, की टांगेवाले गप्प होत आणि मुकाट्यानं घोडं हाकत. तिथं कर्करोगाची माणसं जात. तिथं रेडियम होतं.

ते रेडियम सांभाळायला श्रेणिक चौगुले नावाचा तरुण होता. सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईला जाऊन पदार्थविज्ञान शिकून आलेला. पोरगं मामलेदार होईल असं घरच्यांना वाटलं होतं. ते झालं सुयांचं राखणदार. सुया म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या प्लॅटिनमच्या बारीक नळ्या, आणि त्यांच्या पोटात कणभर रेडियम. एरवी त्या शिशाच्या पेटीत निजलेल्या असत. रोग्याच्या गाठीत त्या टोचायच्या, ठरलेले दिवस ठेवायच्या आणि काढायच्या. किती सुया, किती अंतरावर, किती वेळ, हे गणित श्रेणिकचं. वेळ कमी पडला तर रोग उरतो, जास्त झाला तर रोगाबरोबर माणूसही जळतो. रोग कोणता आणि माणूस कोणता, हे सुईला कळत नाही. ते गणित करणाऱ्यालाच कळावं लागतं.

रोग्यांना मात्र तो यातलं अर्धंच सांगे. पूर्ण सांगितलं तर माणूस खाटेवरून उठून थेट स्टेशन गाठतो, हा अनुभव होता. खांबेटे डॉक्टर भले गृहस्थ, हात देवाचा, पण बोलणं पुस्तकातलं. त्यांनी ‘किरणोत्सर्जन’ म्हटलं की अर्धा वॉर्ड देव आठवायला लागे. मग ते श्रेणिकला हाक मारत. श्रेणिकची जीभ घरचीच राहिली होती. खेड्यातल्या माणसाला खेड्यातल्या बोलीत समजावणं त्याला छान जमे, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्याला थोडा गर्वही होता.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष उलटलं होतं, हिवाळा लागत होता, तेव्हा कोरेगावकडची बयाबाई दवाखान्यात आली. जन्मभर मिश्री लावून लावून गालाच्या आत जखम झालेली, ती वाढत चाललेली. बरोबर नवरा, कोंडीबा; बोलायचं काम त्यानं लग्नातच बायकोकडे सोपवलेलं असावं.

“मी न्हाई टोचून घ्यायची,” बयाबाईनं डॉक्टरांना ठणकावलं. “गाल हाय माझा, गोधडी न्हवं.”

डॉक्टरांनी श्रेणिकला बोलावलं. श्रेणिक स्टूल ओढून तिच्यापाशी बसला.

“मावशी, गोधडीला वेळंवर टाकं घातलं तर ती चार हिवाळं जास्त टिकती का न्हाई?”

बयाबाईला हसू आलं आणि हसण्यानं गाल ठणकला. तो हातानं दाबून धरत तिनं पोटातलं सांगितलं. विजी म्हणजे विजयमाला, तिची एकुलती एक लेक. जावई कृष्णात रजेवर येऊन परत गेलेला, पलटणीबरोबर अजून इराकातच. विजीची दोन लेकरं आधी गेलेली, दोन्ही महिना-दीड महिन्याची होऊन. आता तिसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते आणि ती माहेरी आली होती.

“पाचव्या राती सटवाई येती आन् कपाळावर लिवून जाती. माझ्या विजीच्या लेकरांस्नी ती लांबडं लिवतच न्हाई बघा,” बयाबाई म्हणाली. “ह्या वक्ताला मला तिथं असाया पायजे, आन् तुमी मला हितं डांबायला निघालाय. माझ्या गालाचं काय लोणचं घालायचंय? मला ते लेकरू जगल्यालं बघायचंय, मास्तर. मग मेले तरी चालंल.”

श्रेणिकला त्या बाईची माया आली. आणि मायेच्या भरात, तिला पटावं म्हणून, तो बोलून गेला:

“मावशी, ह्या सुया साध्या न्हाईत. ह्यांच्यात उजेड भरलाय. रोगाला त्यो सोसत न्हाई. सटवाईनं लिवल्यालं बी खोडून टाकत्यात ह्या.”

बयाबाई हसायची थांबली. “खरं?”

“आठ-धा दिसांत तुमच्याच गालावर बघा की.”

ती कोंडीबाकडे वळून म्हणाली, “टोचू द्या.” डॉक्टर बाहेर येऊन श्रेणिकच्या पाठीवर थाप मारून गेले. त्या दिवशी तो खुशीत होता. बोलायला पैसे पडत नाहीत म्हणून माणूस सैल सुटतो. त्याची किंमत कुणाला भरावी लागेल हे त्याला तेव्हा कुठलं दिसायला.

सुया बसल्या. प्रत्येक सुईचा दोरा गालातून बाहेर काढून चिकटपट्टीखाली दाबलेला. बयाबाईच्या खाटेपुढे शिशाचा पडदा लागला. कुणी जवळ फार थांबायचं नाही, शिवायचं नाही. बोलक्या बाईला ही शिक्षा मोठी होती. श्रेणिक रोज पडद्याआडून विचारपूस करी, आणि ती तोंड पुरतं न उघडता त्याची फिरकी घेई.

“मास्तर, दिवस कलला. घरला पळा. तुमच्यात दिवा लागला की घास न्हाई म्हनं. बायको उपाशी झोपवंल.”

पाच-सहा दिवसांत जखमेची घाण कमी झाली. ठणका उतरला. बयाबाई आरशात बघायला मागू लागली. “खरंच खोडतीया की वो,” ती एकदा आपल्याशीच म्हणाली. श्रेणिकनं ते ऐकलं आणि त्याला बरं वाटलं.

मग एका दुपारी कोंडीबा आला. हातात पेजेनं भरलेली पितळी लोटी, एका बाजूला पोचा आलेली. बयाबाईला चावता येत नव्हतं म्हणून तांदळाची पेज. पण पेजेआधी त्यानं बातमी दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बायकोच्या आधी तो बोलला. “विजीला पोरगा झाला.”

बयाबाई रडली, हसली, पुन्हा रडली. बोटांवर मोजून म्हणाली, “म्हंजी परवा पाचवी.” मग ती गप्प झाली. तिचं ते गप्प होणं श्रेणिकच्या ध्यानात आलं. त्याला वाटलं, जायला मिळत नाही म्हणून वाईट वाटतंय. तिनं पेज घेतली, लोटी स्वतःच विसळली, आणि कोंडीबा परत निघाला तेव्हा लोटीच्या तोंडाला फडकं बांधून त्याच्या हातात दिली. बराच वेळ ती त्याच्या कानाशी काही सांगत होती.

श्रेणिक दारातच होता. “काय मावशी, नातवाच्या घरी रिकामं भांडं धाडताय?” त्यानं चिडवलं.

“रिकामं कसं धाडीन, मास्तर?” ती म्हणाली. “बयाबाईच्या हातनं रिकामं भांडं कवा गेलं न्हाई.”

ताटातली साखर घातली असेल, असं त्याला वाटलं. आपल्याकडची रीतच ती. आलेलं भांडं परत करताना निदान चार दाणे साखरेचे, नाहीतर मूठभर तांदूळ. श्रेणिक पुढच्या खाटेकडे वळला.

दोन दिवसांनी सुया काढल्या, आणि एक कमी भरली. चिकटपट्टीखाली तिचा दोरा तेवढा होता, पुढे सुई नाही. परिचारिकेनं खाटेवरची चादर झटकून पाहिली. बयाबाईला विचारलं तर ती म्हणाली, “झोपंत खोकला आला हुता. थुकले असंन तस्तात. मला काय ठावं?” बोलताना ती भिंतीकडे बघत होती.

श्रेणिकनं आपला इलेक्ट्रोस्कोप आणला. हे त्याचं हरवलेलं रेडियम शोधायचं यंत्र: काचेच्या पेटीत पितळेची दांडी, दांडीला सोन्याचा तलम वर्ख चिकटवलेला. कंगवा लोकरीवर घासून दांडीला लावला की वर्ख दांडीपासून फटकून उभा राहतो. जवळपास रेडियम असेल तर मात्र त्याला उभं राहवत नाही, तो खाली पडतो. जितकं जवळ, तितका लवकर. श्रेणिकनं ते यंत्र बयाबाईच्या गालाशी धरलं, पोटाशी धरलं, तिच्या गाठोड्याशी धरलं. वर्ख उभाच. म्हणजे सुई तिच्यापाशी नाही. म्हणजे तस्तातूनच गेली.

बयाबाईला घरी सोडलं. जाताना तिनं श्रेणिकच्या कानशिलांवरून हात फिरवून बोटं मोडली. “लेकरू चालाया लागलं की तुमच्या पाया पडाया आणीन,” म्हणाली.

पुढे श्रेणिकनं दवाखान्याचा केर चाळला. राखेचा खड्डा उपसला. गटारीच्या कडेकडेनं काचेची पेटी घेऊन तो वाकून चालू लागला, तेव्हा मिरजेची पोरंटोरं म्हणाली, मास्तर गटारीला आरसा दाखवतोय. वर्ख कुठंच पडेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं सगळे काखा तपासत बसले होते आणि कळसा केव्हाच गावाला गेला होता. अखेर डॉक्टर म्हणाले, वाहून गेली असेल नदीला, आता सोडा. श्रेणिकनं शोध सोडला, पण त्याच्या मनानं सोडला नाही. ती सुई जिथं असेल तिथं जळत असणार, कुणी बघो न बघो. कुणाच्या उशाशी असली तर, या विचारानं त्याला घास गोड लागेना.

तीनेक आठवडे गेले. एके दिवशी सांगलीला घरी तो दिवस बुडायच्या आत जेवायला बसला होता. शेजारच्या चंदनबालाकाकूंनी लोणचं पाठवलेलं, ती वाटी प्रभावती, त्याची बायको, धूत होती. तिनं वाटी पुसली, डब्यातली चिमूटभर साखर तिच्यात टाकली आणि पदराआड धरून निघाली.

“साखर कशाला?” श्रेणिकनं उगाच विचारलं.

“अहो, रिकामी वाटी कशी देऊ?”

श्रेणिकचा हात ताटातच थांबला. कोंडीबाच्या हातातली पेजेची लोटी, तोंडाला फडकं बांधलेलं. परवा पाचवी. रिकामं कसं धाडीन, मास्तर. आणि त्याचं स्वतःचं वाक्य, मोठ्या ऐटीत बोललेलं: सटवाईनं लिहिलेलंसुद्धा खोडतात. तो अर्ध्या जेवणावरून तसाच उठला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो कोरेगावला निघाला. एका पिशवीत शिशाची डबी आणि लांब चिमटा, मांडीवर इलेक्ट्रोस्कोप. गाडीभर शेंगा खाणारी माणसं गप्पा मारत होती. श्रेणिकच्या डोक्यात गणित चालू होतं. मोठ्या बाईच्या गालात इतक्या सुया इतके दिवस. हातभर लांबीच्या लेकराच्या अंगावर एक सुई इतके आठवडे. आयुष्यभर जे गणित त्यानं हौसेनं केलं ते आज आपोआप होत होतं, आणि त्याला ते नको होतं. आपली शंका खोटी ठरावी, सुई कुठल्यातरी कोनाड्यात नाहीतर देव्हाऱ्यात पडलेली असावी, असा त्यानं रस्ताभर नवस केला.

गावात शिरताना गुऱ्हाळाचा गोड वास येत होता. बयाबाई ओट्यावरच होती. गाल भरलेला, चेहरा उजळलेला. त्याला पाहून तिचा आनंद पोटात मावेना.

“मास्तर आलं! अगं विजे, मिरजंचं मास्तर आल्यात! आवं, लोटीत ताजी काकवी भरा मास्तरांस्नी न्यायला.” हे कोंडीबाला.

श्रेणिकनं उंबऱ्यावर काचेची पेटी ठेवली, कंगवा घोंगडीवर घासला, दांडीला लावला. वर्ख उभा राहिला आणि त्याचा हात मागे यायच्या आत खाली पडला. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा पडला.

“मावशी, नातू कुठं हाय?”

बयाबाई त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिचं तोंड चालूच होतं. “नाव केरबा ठेवलंय. बारशाच्या आधी सुपात घालून उकिरड्यावर ठिवला, शेजारच्या बनुबाईनं उचलला, आन् पसाभर जुंधळं देऊन आमी इकत घेतला. टाकून दिल्यालं पोर म्हनून सटवाई ढुंकून बघायची न्हाई. वरनं मी बी बंदोबस्त केलाय.” एवढं बोलून ती एकदम थांबली आणि तिनं जीभ चावली.

बाजेवर विजी बाळाला घेऊन बसली होती. बाळ वाळलेलं, रडायलाही त्राण नसलेलं. श्रेणिकनं दुपटं बाजूला केलं. छातीवर जखम होती, काळसर, खोल, आणि नेमकी तिच्यावर काळ्या दोऱ्यात चांदीचा ताईत घट्ट बांधलेला.

“आधी निस्तं लाल झालं हुतं,” विजी हळू म्हणाली. “मग कातडं गेलं. आई म्हनली, ताईत सैल सोडू नगं, जखमंवरच बांध. आईचा गाल बी तसाच तर बरा झाला.” ताईत नीट करायला तिनं हात पुढे केला. तिच्या बोटांची टोकं सोलवटली होती.

श्रेणिकनं दोरा कापला. चिमट्यानं ताईत उचलून डबीत टाकला, झाकण लावलं आणि डबी दूर ओसरीवर ठेवून आला. परत आला तेव्हा बयाबाई हात जोडून उभी होती.

“चोरी केली मी, व्हय. पेटीभर हायत्या तुमच्याकडं, एक घेतली. मला पोलिसात द्या, मास्तर, पर लेकराचं औषिद काढू नगा. चारच दिस ऱ्हाऊ द्या. जखम भरली की मी स्वता आणून दीन.”

“न्हाई मावशी.”

“आवं, तुमीच म्हनला हुता! सटवाईनं लिवल्यालं बी खोडतीया म्हनून!”

श्रेणिकनं तोंड उघडलं. सगळं सांगायचं होतं त्याला: हे औषध नव्हे, ही जखम त्या सुईचीच आहे, तुझ्या गालावर आठ दिवस अमृत झाली ती इथं विष झाली. पण विजी आईकडे पाहत होती. संकटात लेक आईकडे पाहते तशी, आता आईच काहीतरी करील या भरवशानं.

“दवाखान्याची वस्तू हाय. न्यायलाच पायजे,” तो म्हणाला. “लेकराला घिऊन मिरजंला चला. आत्ताच्या आत्ता.”

बयाबाई भिंतीला टेकून खाली बसली. विजीनं बाळ छातीशी धरलं. निघताना कोंडीबानं काकवीची लोटी श्रेणिकच्या पिशवीशेजारी आणून ठेवली. पाहुणा रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? त्या म्हाताऱ्याला दुसरं काही सुचलं नसावं. श्रेणिकला ती नको म्हणता आली नाही.

मिरजेला खांबेटे डॉक्टरांनी बाळाला तपासलं आणि श्रेणिकला बाजूला घेतलं. “केव्हापासून होती अंगावर?”

“पाचवीपासून.”

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जखमेखालची हाडं, रक्त, सगळं आतून जळून गेलं होतं. “आजीला सांगितलंत?”

“नाही.”

“सांगायला हवं, चौगुले. खरं ते खरं.”

“सांगतो,” श्रेणिक म्हणाला, आणि रोज सांगायचं ठरवून रोज परत आला. कारण बयाबाई रेडियमच्या खोलीच्या पायरीवरच बसून असे. तो दिसला की उठे. “एकच द्या, मास्तर. हातात देऊ नगा, निस्ती खाटंपाशी ठिवा. तुमचा जीव घाबरत आसंल तर तुमी धरून उभं ऱ्हावा.” पडद्याआड त्याची फिरकी घेणारी बाई ती हीच. तिनं खाणं सोडलं होतं. बोटांना पट्ट्या बांधलेली विजी आतून हाक मारी, “आई, पानी तरी घे,” आणि पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावी. लेक आईला जपत होती आणि आई लेकीला, आणि त्या दोघींना गावी जाऊन एकाच चुलीपुढे बसायचं होतं. त्यांच्यामध्ये हे खरं नेऊन ठेवायचं कुणी?

घरी प्रभावती पहाटे पाणी गाळताना गाळणं हळूच झटकायची, एखादा जीव चेंगरू नये म्हणून. श्रेणिक ते पाहत बसे. असल्या घरात मी वाढलो, आणि माझ्या एका ऐटबाज वाक्यानं लेकरू चाललंय, हे त्याच्या मनातून जाईना. सुई चोरली बयाबाईनं. पण तिच्या हातात ती दिली कुणी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला रडूही येत नव्हतं.

एका सकाळी तो दवाखान्यात पोचला तेव्हा पायरी रिकामी होती. आत विजी बाळाला मांडीवर घेऊन झुलवत होती, आणि बाळ गेलेलं होतं.

दुपारच्या गाडीनं बाळाला गावी न्यायला ते तिघं निघाले. दवाखान्यासमोर टांगा उभा होता. कोंडीबानं धोतरात गुंडाळलेलं लेकरू दोन्ही हातांवर घेतलं होतं. विजी त्याच्याजवळ बसली होती. श्रेणिक लोटी घेऊन बाहेर आला. काकवी घरात कुणी खाल्ली नव्हती, पण प्रभावतीनं लोटी घासूनपुसून ठेवली होती, आणि तिच्यात साखर घातली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं रीत पाळली होती.

बयाबाईनं लोटी हातात घेतली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

“एक इचारते, मास्तर. खरं सांगा. सुई ऱ्हायली असती तर माझं लेकरू जगलं असतं का न्हाई?”

विजीनं टांग्यातून मान वळवली. डॉक्टर दारात उभे होते. त्यांनाही ऐकू गेलं असावं. श्रेणिकनं बयाबाईच्या गालाकडे पाहिलं. जखमेचं नावनिशाण नव्हतं. त्याच्या हातून झालेलं एवढं चांगलं काम दुसरं नव्हतं.

“जगलं असतं, मावशी,” तो म्हणाला. “मी सुई न्यायला नगं हुती. चूक माझी हाय.”

शेवटचे शब्द बोलताना आपण खोटं बोलतोय असं त्याला वाटलं नाही.

बयाबाई ओरडली नाही, तिनं शिव्याशापही दिले नाहीत. तिनं मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं राहिलं होतं. मग विजीकडे बघून म्हणाली, “ऐकलंस? आपून करायचं ते समदं केलं हुतं.” विजीनं पट्ट्या बांधलेल्या हातांनी तोंड झाकलं आणि आईच्या खांद्यावर टेकायला पुढे झुकली.

टांग्यात चढण्याआधी बयाबाईनं लोटी उलटी केली. साखर रस्त्यावर सांडली. एखादा दाणा चिकटून राहिला असेल म्हणून तिनं लोटीच्या बुडावर दोनदा हात आपटला, आत डोकावून पाहिलं, आणि मग ती रिकामी लोटी काखेत धरून लेकीशेजारी जाऊन बसली.